पुजलेला स्क्रू-ड्रायव्हर

१

दसऱ्याच्या सकाळी माणसानं दाराला तोरण बांधावं, दुपारी पुरणाची पोळी हाणावी आणि आडवं व्हावं. माझं वय आणि माझे गुडघे बघता याहून जास्त मी काही मागत नाही. पण सरकारनं मला विद्युत निरीक्षकाच्या खुर्चीवरून घरी पाठवलं तरी कारखानेवाल्यांनी अजून पाठवलेलं नाही. कुठं काही जळालं, कुणाला शॉक बसला, की फोन येतो: तिप्पण्णा साहेब, जरा येऊन बघता का? आणि मीही असा शहाणा, की जातो. त्या दिवशी आमच्या सावित्रम्मानं चहाचा कप माझ्यापुढं जरा जोरातच ठेवला. मी समजायचं ते समजलो आणि गपगुमान जीपमध्ये जाऊन बसलो.

जायचं होतं बोरकाठ साखर कारखान्यात, अक्कलकोटच्या रस्त्याला. मागच्या हंगामाच्या अखेरीस तिथल्या जनरेटरपाशी भडका उडाला आणि ज्ञानू नावाच्या वायरमनचा उजवा हात भाजला. इलेक्ट्रिकलचा प्रमुख अमरेश यानं लगेच अहवाल देऊन टाकला, की सगळा ज्ञानूचाच निष्काळजीपणा. तिथल्या इंजिनिअर मुलीला, चंद्रिकाला, ते पटलं नव्हतं. तिचं म्हणणं, भडका उडायच्या आधी मशीन आपोआप बंद पडायला हवं होतं. ते का पडलं नाही, हे बाहेरच्या कुणीतरी पॅनल उघडून बघावं. एमडी शिवलिंगप्पांच्या मागं लागून लागून तिनं हंगामाच्या तोंडावर मला बोलावून घेतलं होतं. ज्ञानूला भरपाई मिळायची की ठपका, ते माझ्या तपासणीवर ठरणार होतं.

आता हे पॅनल म्हणजे काय, ते सांगतो. जनरेटरच्या पोटात एक चुंबक फिरत असतं आणि त्याला सारखी वीज पाजावी लागते. किती पाजायची हे एक्सायटेशनचं पॅनल ठरवतं. जास्त झाली तर चुंबक तापतं, म्हणून तिथं एक रिले बसवलेली असते. रिले म्हणजे राखणदार. फार तापलं की ती आपला कॉन्टॅक्ट उघडते, वीज तुटते आणि मशीन थांबतं. त्या रिलेच्या सगळ्या वायरी ज्या पट्टीवर येऊन बारक्या स्क्रूंखाली बसतात, तो टर्मिनल बोर्ड. हातभर लांब, चार बोटं रुंद, बाकीच्या पॅनलला प्लगांनी जोडलेला. भडक्याच्या दिवशी राखणदार झोपला होता की कुणी त्याचे हात बांधले होते, हे सांगणारा साक्षीदार तेवढा एकच.

चंद्रिकानं माझ्यासमोर पॅनलचं कुलूप काढलं. आदल्या दिवशी खंडेनवमी होती. आत पूजेचा झेंडूचा हार लोंबत होता. तिनं तो बाजूला सारला आणि हात तसाच धरून उभी राहिली.

हाराच्या मागं बोर्ड नव्हता. रिकामी भोकं होती आणि सुटलेले प्लग लोंबत होते. त्या कुलपाला किल्ली एकच, आणि अपघाताच्या दिवसापासून ती चंद्रिकाकडंच होती.

२

शिवलिंगप्पा तसे बरे गृहस्थ, पण ऊस तोडणीला आलेला असताना कुठल्याच एमडीचं डोकं ठिकाणावर नसतं. बोर्ड नाही म्हणजे जनरेटर नाही, जनरेटर नाही म्हणजे कारखाना नाही. त्यांनी मला केबिनमध्ये बसवलं, पाणी दिलं आणि सांगून टाकलं, की संध्याकाळी सीमोल्लंघनाला जाण्याआधी ते पोलिसांत तक्रार देणार, आणि ती चंद्रिकाच्या नावानं देणार. अमरेशनं त्यांच्या मनात भरवून दिलं होतं, की अपघाताच्या पाळीला तीच होती, चूक तिचीच असणार, म्हणून तिनंच बोर्ड गायब केला. पोरीचा चेहरा पांढरा पडला होता, पण रडली नाही. एवढंच म्हणाली, की मला लपवायचं असतं तर मी तुम्हाला कशाला बोलावलं असतं?

मुद्दा बरोबर होता. पण पोलिसांना मुद्दा लागत नाही, किल्ली लागते.

तिनं मला आदल्या दिवसाची हकिकत सांगितली. खंडेनवमीला सगळी पॅनलं उघडतात, पुसतात, हार घालतात. हे पॅनल तिनं महिनोन्‌महिने बंद ठेवलं होतं, पण देवाच्या कामाला नाही कसं म्हणायचं? सकाळी उघडलं, पूजा झाली, दुपारी विभागाची पंगत बसली, आणि संध्याकाळी तिनं दार लावून कुलूप घातलं. हार मात्र बाजूला करून बघितलं नाही. पुजलेल्या मशीनचा हार कोण हलवतं? म्हणजे बोर्ड गेला तो दार उघडं असताना गेला, आणि हॉल रिकामा होता तो फक्त पंगतीच्या वेळी.

मग मी बसप्पाला गाठलं. बसप्पा म्हणजे वर्कशॉपचा जुना मिस्त्री. पूजेचा मान त्याचा आणि पंगतीला वाढायचाही त्याचाच. कोण जेवलं, कोण नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? त्यानं कानडी-मराठीत मिळून सांगितलं, की पंगतीला तिघं नव्हते. चंद्रिकाबाईंचा नवरात्राचा उपवास होता, त्या लॅबमध्ये बसल्या होत्या. अमरेश साहेब कुणाचा तरी फोन आला म्हणून उठून गेले. आणि ज्ञानू.

ज्ञानू दर वर्षी पूजेला येतो, तसा यंदाही आला होता, खांद्यावरून घोंगडं घेऊन. एवढ्या उकाड्यात घोंगडं कशाला, तर हात झाकायला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट तळव्याला चिकटून बसलंय. उरला अंगठा आणि दोन बोटं. चारचौघांत जेवायची त्याला लाज वाटते, म्हणून पंगत उठल्यावर मागाहून कोपऱ्यात जेवला आणि गेला.

"लई चांगला हात होता साहेब," बसप्पा म्हणाला. "त्यानं वायरिंग केलेलं पॅनल उघडं ठेवावं आन् बघत बसावं, असं काम."

ते सांगता सांगता त्यानं मला वर्कशॉपमध्ये नेलं, आणि तिथं पाऊल टाकल्याबरोबर तो ओरडला.

३

भिंतीलगत पांढरं धोतर अंथरून सगळी हत्यारं मांडली होती. पाने, पकडी, स्क्रू-ड्रायव्हर, वायरी तपासायचा मेगर, ड्रिल. प्रत्येकावर विभूतीच्या तीन रेघा आणि कुंकवाचा ठिपका. खंडेनवमीला पुजलेल्या हत्याराला दसऱ्याची उत्तरपूजा होईपर्यंत हात लावायचा नाही, हे त्या वर्कशॉपमध्ये नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगतात. आणि बसप्पाच्या डोळ्यांना काय दिसलं, तर त्यातल्या एका मोठ्या स्क्रू-ड्रायव्हरला कुणीतरी हात लावला होता.

मला तर सगळी सारखीच दिसत होती. चष्मा पुसून पुन्हा बघितलं. त्या एकावरही विभूती होतीच, पण इतरांवरच्या तीन रेघा एका ओढीत काढलेल्या, सरळ, सारख्या अंतरावर. याच्यावर दोन रेघा जोडीनं आल्या होत्या आणि तिसरी नंतर वेगळी ओढलेली, जाड, तिरकी. मी बसप्पाला म्हटलं, तू कशी लावतोस ते दाखव. त्यानं मधली तीन बोटं विभूतीत बुडवली आणि टेबलाच्या कडेवर ओढली. तीन सरळ रेघा.

"हे माझं नव्हं," तो म्हणाला. "कुणीतरी हत्यार वापरलंय, पुसलंय, आन् परत लावून ठेवलंय."

मी तो स्क्रू-ड्रायव्हर तिथंच राहू दिला आणि परत पॅनलपाशी आलो. बोर्डाची भोकं बघितली. बोर्ड जागेवर धरणारे चार मोठे स्क्रू निघाले होते. त्यांतला एक खाली पडून पॅनलच्या तळाशी गेला होता. तो उचलून वर्कशॉपमध्ये नेला आणि लावून बघितला, तर त्या स्क्रू-ड्रायव्हरचं पातं त्याच्या खाचेत बरोबर बसत होतं. चोरानं ज्या हत्यारानं चोरी केली, त्याचीच जाताना पूजा केली होती. एवढ्या वर्षांत मी नाना तऱ्हेचे चोर पाहिले, पण हा प्रकार पहिलाच.

अमरेशला मी त्याच्या केबिनमध्ये भेटलो. केबिन जनरेटर हॉलमध्येच, काचेची, पॅनलच्या बरोबर समोर. माणूस इस्त्रीचा, टापटिपीचा, हातात दोन अंगठ्या. मी काही विचारायच्या आत त्यानं सांगायला सुरुवात केली, की ज्ञानू कसा घाईचा, चंद्रिका कशी आगाऊ, आणि काल त्याला फोन कसा महत्त्वाचा होता. मी ऐकत होतो आणि काचेतून पॅनलकडं बघत होतो. पॅनलच्या दारावर सिद्धेश्वराचा फोटो चिकटवलेला होता, तळहाताएवढा, प्लास्टिकच्या चौकटीतला, त्याला ताजा हार. जागा मात्र विचित्र होती. दिव्यांच्या ओळीत, एका बाजूला, कंबरेच्या उंचीवर. देव कुणी कंबरेइतका खाली लावतं का?

मी सहज विचारलं. अमरेशचा चेहरा उजळला. म्हणाला, मीच लावलाय, श्रद्धेनं. मागच्या हंगामात मध्येच मशीन फार त्रास द्यायला लागलं होतं, सारखं बंद पडायचं, गाळप थांबायचं, एमडी डोक्यावर बसायचे. फोटो लावला आणि त्यानंतर हंगामाच्या अखेरीपर्यंत मशीन एकदाही बंद पडलं नाही. सिद्धेश्वराची कृपा.

मी हात जोडले. पण माझ्या डोक्यात एक गोष्ट खटकन बसली. वर्षानुवर्षं मशीन बघितलेल्या माणसाला ठाऊक असतं, की रोज बंद पडणारं मशीन नुसत्या हारानं बरं होत नाही.

४

बाहेर कडुलिंबाखाली बाकावर बसलो आणि चहा मागवला. साखर कमी सांगितली, तर जास्त आली. साखर कारखाना तो, दुसरं काय होणार?

चंद्रिका शेजारी येऊन बसली. तिला मी माझा हिशोब बोलून दाखवला. मशीन तापत होतं म्हणून रिले ते थांबवत होती. ती थांबवणं थांबलं, म्हणजे कुणीतरी राखणदाराचे हात बांधले होते. ते बांधायचं कसं? सोपं आहे. रिलेचा कॉन्टॅक्ट ज्या दोन स्क्रूंवर येतो, त्यांच्यामध्ये बोटभर वायरचा तुकडा टाकायचा. मग कॉन्टॅक्ट उघडो नाहीतर मिटो, वीज त्या तुकड्यातून चालूच राहते, आणि मशीन थांबत नाही, तापत राहतं. हे तिलाही सुचलं होतं. म्हणून तर तिनं पॅनलला कुलूप घातलं होतं.

"मग सांग," मी म्हटलं, "ज्याला तो तुकडा लपवायचा आहे, तो काय करेल?"

ती म्हणाली, तुकडा काढेल.

तेच. दोन बारके स्क्रू सैल करायचे, तुकडा ओढून खिशात घालायचा, स्क्रू परत आवळायचे. बोर्ड जागच्या जागी, कुणाला पत्ता नाही. मी येऊन बघितलं असतं तर रिलेला दोष देऊन घरी गेलो असतो. तुकडा तिनं स्वतः टाकला असता, तरी तिनं हेच केलं असतं. अमरेशनं टाकला असता, तर त्यानंही हेच केलं असतं. सगळा बोर्ड उपटून नेणं म्हणजे आपण होऊन बोंब मारणं. असं कुणी का करावं?

आमच्या दोघांच्याही मनात उत्तर एकदमच आलं असावं, कारण तिनं कप खाली ठेवला.

बारके स्क्रू ज्याच्या बोटांत मावत नाहीत, तो करेल. प्लग ओढले की सुटतात, मोठे स्क्रू मनगटाच्या जोरावर निघतात. अंगठा आणि दोन बोटं तेवढ्याला पुरतात. बारक्या स्क्रूंना चांगली बोटं लागतात, आणि डावा हात तसल्या कामाला चालत नाही. विभूतीलाही डावा हात चालत नाही. उजव्या हाताची दोन बोटं बुडवली की दोन रेघा येतात. तिसरी मग वेगळी ओढावी लागते.

"ज्ञानू?" ती म्हणाली. "पण भाजला तर तोच."

मला आनंद वाटायला हवा होता. कोडं सुटलं की माणसाला बरं वाटतं म्हणे. मला तर वाटलं, त्या सकाळी सावित्रम्माचं ऐकून घरी राहिलो असतो तर बरं झालं असतं.

५

ज्ञानूची वस्ती रस्त्यापासून आत, माळावर. बाभळीच्या काट्यांचं कुंपण, त्यात मेंढरं. दसरा म्हणून बिरुदेवाच्या ठाण्याला भंडारा वाहिलेला, दाराला झेंडू. ज्ञानू बाजेवर बसला होता, घोंगडं उजव्या हातावर. चंद्रिकाला मी जीपमध्येच बसायला सांगितलं. ज्ञानूची बायको बनाबाई तिच्यासाठी पाणी घेऊन गेली आणि तिकडंच बोलत उभी राहिली.

मी ज्ञानूला बोर्डाबद्दल विचारलं नाही. एवढंच सांगितलं, की बोर्ड हरवलाय, किल्ली चंद्रिकाबाईंकडं होती, आणि संध्याकाळी त्यांच्या नावानं तक्रार जाणार आहे.

त्यानं जीपकडं बघितलं. मग माझ्याकडं. मग उठला, आत गेला आणि लोकरीचं पोतं ओढत बाहेर आला. पोत्यात कोपरापर्यंत हात घालून त्यानं फडक्यात गुंडाळलेला बोर्ड काढला आणि माझ्या मांडीवर ठेवला.

"बाईंवर येईल आसं वाटलं न्हाय," तो म्हणाला. "दवाखान्यात माज्याकडं कोण आलं आसंल तर त्याच."

फडकं सोडलं. रिलेच्या दोन स्क्रूंमध्ये काळ्या वायरचा तुकडा होता, सुबक वाकवलेला, दोन्ही टोकं साफ सोललेली. बसप्पा म्हणाला होता तसंच काम. बघत बसावं असं.

त्यानं मग सांगितलं. अमरेश साहेबांनी सांगितलं म्हणून टाकला. आठवडाभर म्हणाले, मग काढायचं राहून गेलं, आणि एक दिवस तो स्वतः चुंबकाला वीज पोचवणारे ब्रश बघायला मशीनपाशी वाकला असताना भडका उडाला. साहेबांनी सांगितलं याला साक्षीदार कोण? वायर तर त्याच्या हातची. आणि भरपाईपेक्षाही त्याला दुसरीच भीती होती. बनाबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, माझ्या मालकाला मशीननं फसवलं. आपला हात आपणच जाळला, हे तिला कळलं तर तिनं कुणाच्या तोंडाकडं बघायचं?

काल दार उघडं होतं. पंगत बसली होती. तुकडा काढायला गेला, तर स्क्रू काही केल्या फिरेना. डोळ्यांत पाणी आलं म्हणाला. मग बोर्डच काढला. स्क्रू-ड्रायव्हर तसाच ठेवायचा, तर पुजलेलं हत्यार उघडं कसं ठेवायचं? म्हणून विभूती लावून ठेवला.

माझ्या खिशात छोटा स्क्रू-ड्रायव्हर कायम असतो. तो त्याला दिसत होता.

"साहेब, तेवढा तुकडा काढता का? माज्यानं निघंना. मग बोर्ड न्या, सापडला म्हणा."

काय सांगू, हात खिशाकडं गेला माझा. एक मिनिटाचं काम होतं. पोरगी सुटली असती, ज्ञानूची अब्रू राहिली असती, आणि मी जेवायच्या वेळेला घरी पोचलो असतो. रिलेला दोष दिला असता, तिला काय तोंड आहे?

मी विचारलं, तुझ्या जागी आता कोण लागलंय?

त्यानं घोंगडं हातावर नीट ओढलं. मग म्हणाला, धाकटा भाऊ. जोतिराम. अनुकंपेवर घेतलाय, ह्या हंगामापासून. आणि साहेब तेच, अमरेश.

पुढं मला काही बोलावं लागलं नाही. ज्ञानूनं फडकं परत गुंडाळलं, तुकड्यासकट, आणि बोर्ड काखेत धरून जीपकडं निघाला. मी मागून गेलो. पण एक अडचण उरली होती आणि ती त्यालाही ठाऊक होती. साहेबांनी सांगितलं, हे सिद्ध कशानं करायचं?

६

कारखान्यात आलो तेव्हा शिवलिंगप्पा फेटा बांधून तयार होते, टेबलावर आपट्याच्या पानांची टोपली. मी सगळ्यांना पॅनलपाशी बोलावलं. अमरेश केबिनमधून आला. ज्ञानूच्या काखेत बोर्ड बघून तो उभ्या जागी थबकला. मी ओळखलं, काल पंगतीच्या वेळी हाही तुकडा काढायला आला असणार, आणि बोर्डच जागेवर नाही बघून तेव्हापासून जेवला नसणार.

ज्ञानूनं सगळं सांगितलं, मान वर करून. अमरेश शांतपणे म्हणाला, की हा स्वतःच्या चुकीवर पांघरूण घालतोय. मी असलं काही सांगितलेलं नाही, मला त्या तुकड्याची कल्पनाही नव्हती.

मी बसप्पाला म्हटलं, तो सिद्धेश्वराचा फोटो जरा काढ.

कुणी हललं नाही. बसप्पा माझ्याकडं असा बघत राहिला, जसं काही मी चप्पल घालून देवळात शिरलोय. मी म्हटलं, देवाची जागा चुकलीय, ती बरोबर करायचीय. तेव्हा त्यानं हात धुतले, नमस्कार केला, हार उतरवला आणि फोटो हळूच सोडवला.

फोटोच्या मागं एक लाल दिवा होता. रिलेनं कॉन्टॅक्ट उघडला की तो पेटतो, मशीन तापलंय असं सांगायला. तुकडा टाकल्यावर मशीन थांबायचं बंद झालं, पण दिवा थोडाच बंद होणार होता? तो दिवसचे दिवस पेटत राहिला असणार, केबिनच्या बरोबर समोर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा. मी फोटो उलटा करून शिवलिंगप्पांच्या हातात दिला. पाठीमागचा पुठ्ठा दिव्याएवढा गोल करपून तपकिरी झाला होता, आणि प्लास्टिक तिथं वाकलं होतं.

"हा फोटो मध्येच, मशीन त्रास देत होतं तेव्हा लावला," मी म्हटलं. "कुणी लावला, ते अमरेश साहेबांनीच मला सकाळी सांगितलंय. तुकडा ठाऊक नव्हता तर दिवा कशाला झाकला? आणि झाकायला देवच का? कारण देवाला कुणी हात लावत नाही."

फोटो लागल्यावर तर बसप्पा दर सोमवारी त्याला हार घालायला लागला होता, आणि अमरेशला स्वतःलाही तो काढायची सोय उरली नाही.

अमरेशनं माझ्याशी वाद घातला नाही. तो एमडींकडं वळला आणि म्हणाला, "गाळप थांबलं असतं तर तुम्हीच मला घरी बसवलं असतं."

शिवलिंगप्पांनी फोटो बसप्पाकडं परत दिला. अमरेशचं तेवढं म्हणणं खरं होतं. तक्रारीचा विषय तिथंच संपला, चंद्रिकानं किल्ली एमडींच्या हातात दिली आणि तिथंच खाली बसली. मी माझ्या अहवालात तुकडा कुणी टाकला ते लिहिलं, आणि त्याच्या आधी, तो टाकायला कुणी सांगितलं आणि कशाच्या दबावानं, ते लिहिलं. भरपाई मिळेल असं मला वाटतं. कारखान्यांच्या बाबतीत मी यापलीकडं काही बोलत नाही.

ज्ञानूला सोडायला वस्तीवर गेलो तेव्हा ऊन उतरलं होतं. तो जीपमधून उतरला आणि तडक मेंढरांकडं गेला. बायकोसमोर यायची छाती होत नव्हती. मला सांगून गेला, साहेब, तुमीच सांगा तिला.

म्हणजे ते कामही माझ्याच गळ्यात. बनाबाईनं आपट्याचं पान माझ्या हातावर ठेवलं, मीही तिला दिलं, आणि कशीबशी सुरुवात केली, की त्या वायरचं असं आहे.

"ठावं हाय मला," ती म्हणाली. "दवाखान्यात पहिल्या तापात दिसरात तेच बरळत हुता. वायर काडा, माजी वायर काडा."

मी विचारलं, मग इतके दिवस बोलली का नाहीस? आणि लोकांना मशीननं फसवलं म्हणून का सांगत होतीस?

"त्यो मला सांगंना," ती म्हणाली. "मग मी तरी काय सांगू त्येला?"

कुंपणापाशी ज्ञानू पाठमोरा उभा होता, घोंगडं खांद्यावरून घसरलेलं, उजवा हात उघडा. ती त्याच्याकडं गेली आणि शेजारी उभी राहिली. घोंगडं काही तिनं परत पांघरलं नाही.

मी जीप वळवली आणि सोलापूरचा रस्ता धरला. घरी पोळी गार झाली होती. सावित्रम्मानं ती तव्यावर परत गरम केली, वर तूप जरा जास्तच सोडलं, आणि मी खाल्ली.